पडद्यावरचा बिबट्या आणि प्रेक्षकाचे मन

वन्यजीव आणि पर्यावरण यांवरील चित्रपट पाहून प्रेक्षक बदलतो, हे गृहीत धरूनच असे चित्रपट काढले जातात, महोत्सवांत दाखवले जातात आणि शाळाशाळांतून त्यांचे खेळ लावले जातात. परंतु हा बदल माहितीत होतो, भावनेत होतो की प्रत्यक्ष वागण्यात, याची काटेकोर मोजदाद अलीकडेच सुरू झाली असून तिचे निष्कर्ष वाटतात तितके सरळ नाहीत.

बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ या २०१६ मधील मालिकेचा अभ्यास डॅनियल फर्नांडेझ-बेलॉन आणि अॅडम केन यांनी केला व तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मालिकेतील प्राण्यांविषयी ट्विटरवर किती बोलले गेले आणि विकिपीडियावरील त्यांची पाने किती उघडली गेली, हे तपासल्यावर लोकांचे कुतूहल खरोखरच वाढल्याचे दिसले. मात्र मालिकेच्या मजकुरात संवर्धनाचा भाग जेमतेम ६ टक्के होता आणि संवर्धन संस्थांना मिळणाऱ्या देणग्या वाढल्याची खूण सापडली नाही. ‘ब्लू प्लॅनेट २’ या मालिकेने प्लास्टिकविरोधी लाट आणली असे मानले जाई. ते पडताळण्यासाठी मटिल्डा डन व सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले, एका गटाला मालिकेचा भाग आणि दुसऱ्याला, म्हणजे तुलना गटाला, वेगळा कार्यक्रम दाखवला. मालिका पाहणाऱ्यांचे ज्ञान वाढले, पण एकदाच वापरून फेकायचे प्लास्टिक निवडण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. रेचल हॉवेल यांनी हवामानबदलावरील ‘द एज ऑफ स्टुपिड’ या चित्रपटाच्या प्रेक्षकांना पुन्हा १० ते १४ आठवड्यांनी गाठले, तेव्हा चित्रपटगृहातून बाहेर पडताना दिसलेली तळमळ बरीचशी ओसरलेली होती.

अर्थात यावरून असे चित्रपट निष्फळ ठरत नाहीत. अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहण्याचा मनाचा कल, आणि कृती यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते, तिला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी स्वकार्यक्षमता म्हटले. ‘हे काम आपल्याला जमेल’ हा माणसाचा स्वतःविषयीचा विश्वास, असा तिचा अर्थ. आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहिले की हा विश्वास वाढतो, असे बँड्युरा यांचे प्रतिपादन होते. वितळणारा हिमनग कितीही हृदयद्रावक असला तरी त्याच्यासाठी उद्या सकाळी काय करायचे, हे प्रेक्षकाला तो सांगत नाही.

या पायरीचा महाराष्ट्रातील एक मोठा प्रयोग दुष्काळी तालुक्यांत झाला. पानी फाउंडेशनची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावागावांतील जलसंधारणाच्या कामांची स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती ३० तालुक्यांत गेली आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्री व खुलताबाद हे तालुकेही तिच्यात उतरले. स्पर्धेआधी गावातून निवडलेल्या माणसांना जे प्रशिक्षण मिळे, त्यात चित्रफिती हा शिकवण्याचाच भाग होता. चर खोदायचा तर आधी समपातळी रेषा, म्हणजे उतारावर सारख्या उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेषा, आखावी लागते. त्यासाठी ‘हायड्रोमार्कर’ हे साधन वापरले जाई, त्यात मोजखुणा केलेल्या दोन उभ्या पट्ट्या पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने जोडलेल्या असतात आणि दोन्हीकडचे पाणी एकाच खुणेवर स्थिरावले की पट्ट्यांखालची जमीन समपातळीत आहे असे समजते. डोंगरउतारावर फक्की टाकून रेषा आखणारा माणूस आपल्याच बोलीत बोलतो आणि आपल्यासारख्याच मुरमाड जमिनीवर उभा आहे, हे पाहणाऱ्याला आपल्या गावात श्रमदान सुरू करणे अवघड वाटेनासे होते. स्पर्धेचे यश एकट्या चित्रफितींच्या पदरात टाकता येणार नाही. लाखांची बक्षिसे, यंत्रांची मदत, शेजारच्या गावाशी चढाओढ आणि खुद्द दुष्काळाची धग यांचाही त्यात वाटा होता, आणि खोदकामाच्या शास्त्रीयतेविषयी जलतज्ज्ञांनी घेतलेल्या हरकतीही दुर्लक्षून चालणार नाहीत. तरीही पडदा आणि फावडे यांच्यातील अंतर इतके कमी झाल्याचे उदाहरण विरळाच.

माइक पांडे यांचा गुजरातच्या किनाऱ्यावरील देवमुशाच्या, म्हणजे व्हेल शार्कच्या, शिकारीवरील ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट अशाच जोडणीमुळे फळाला आला. २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि पुढे मोरारी बापूंनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, ठरवून माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिल्यावर मच्छिमार जाळ्यात अडकलेला मासा स्वतः सोडू लागले. चित्रपट, कायदा आणि लोकभावना अशा तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

छत्रपती संभाजीनगर शहरापुढचा प्रश्न मात्र बिबट्याच्या भीतीचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ परिसरात बिबट्या शिरला होता आणि जुलै २०२४ मध्ये उल्कानगरी भागातील सीसीटीव्ही चित्रणात पुन्हा बिबट्या दिसला. अशी काही सेकंदांची चित्रफीत हीदेखील प्राण्यावरील फिल्मच असते आणि ती कोणत्याही माहितीपटापेक्षा वेगाने घरोघरी पोहोचते, पण प्राणी कोठून आला, काय खातो, माणसाला टाळतो की नाही, यातले काहीही तिच्यात नसते. चित्रातील संदर्भ किती परिणाम करतो, हे स्टीफन रॉस व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले. माणसाशेजारी उभ्या असलेल्या चिंपांझीचे छायाचित्र पाहणाऱ्यांना जंगलातील चिंपांझी सुरक्षित आहेत असे वाटण्याची आणि तो पाळण्याजोगा वाटण्याचीही शक्यता वाढली होती. त्याच न्यायाने, गल्लीत एकटाच चालणारा बिबट्या पाहणाऱ्याच्या मनात ‘घुसखोर’ म्हणून ठसतो, असे मानायला जागा आहे.

सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ हा २०१४ मधील मराठी चित्रपट नेमकी हीच उणीव भरून काढतो. तो एका खऱ्या बिबट्याच्या प्रवासावर आधारलेला आहे. शेजारच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथील विहिरीतून २००९ मध्ये वाचवलेल्या बिबट्याला संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने रेडिओ कॉलर, म्हणजे ठिकाण कळवणारा पट्टा, बांधून माळशेज घाटात सोडले आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत त्याचा अंत झाला. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर सोडलेल्या भागात माणसांवरील हल्ले वाढले, हे अत्रेय यांचे जुन्नर भागातील निरीक्षण होते, तर अहिल्यानगर जिल्ह्यातीलच अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या आहाराचा मोठा भाग कुत्र्यांचा असल्याचे त्यांच्याच अभ्यासात आढळले. म्हणजे ‘पिंजरा लावा आणि लांब सोडा’ ही मागणी, कितीही स्वाभाविक असली तरी, धोका कमी करीलच असे नाही, आणि उघड्यावरचा कचरा व त्याभोवती जमणारी भटकी कुत्री यांचा बंदोबस्त हा बिबट्याच्या प्रश्नाचाही भाग आहे.

किर्लोस्कर वसुंधरा हा पुण्यातून सुरू झालेला पर्यावरणविषयक चित्रपट महोत्सव या शहरातही भरत आला आहे. अशा महोत्सवात बिबट्यावरील चित्रपट दाखवून त्याच सभागृहात कचरा, दिवे, रात्रीची वर्दळ आणि गर्दी न करणे याविषयी वनविभागाला बोलण्याची संधी देता येईल, आणि काही प्रेक्षकांना केवळ चित्रपट, काहींना चित्रपट व चर्चा आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही, अशी विभागणी करून तीन महिन्यांनी त्यांच्या मोहल्ल्यातील कचऱ्याची स्थिती आणि बिबट्याविषयीचे मत तपासता येईल. शहरातील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पेलेल असे हे काम आहे.