चाकावरच्या घरांचं गाव

‘मोटरहोम’ ही काय चीज असते हे तिकडे जाईपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं. एस.टी.एवढी लांबलचक गाडी, पण आत ओटा, शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, सगळं. निवृत्त झालेली अमेरिकन जोडपी असं चाकावरचं घर घेतात आणि महिनोन्‌महिने देशभर हिंडतात. अशा गाड्या आणि गाडीमागे जोडायचे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे ट्रेलर, यांतले बहुतेक अमेरिकेतल्या एकाच जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास बनतात. इंडियाना राज्यातला हा एल्कहार्ट जिल्हा. माझी भाची तिथल्या गोशेन गावी असते. २०२३ साली तिच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने तिकडे राहून आले.

बाळंतपण नीट पार पडलं, डिंकाचे लाडूही झाले. पण माझा स्वभाव चौकस. आमच्या गावातली सूतगिरणी बंद पडल्यापासून तिथल्या बायकांचे बचतगट मी सांभाळते. त्यामुळे ‘इथे एकदा सगळे कारखाने बंद पडले होते, मावशी’ असं भाची सहज बोलून गेली, तेव्हा मी कान टवकारले.

झालं होतं असं. २००८ च्या उन्हाळ्यात तिकडे पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. पाठोपाठ बँका कर्ज देईनाशा झाल्या. मोटरहोम ही काही गरजेची वस्तू नव्हे, हौसेची. हौस आधी कापली जाते, हे कुठल्याही घरच्या बाईला सांगायला नको. त्या जुलैत मोनॅको कोच या मोठ्या कंपनीने वाकारुसा, एल्कहार्ट आणि नॅपनी इथले कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे १४०० जणांची कामं गेली. वाकारुसा हे दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव! मार्च २००९ मध्ये तर मूळ कंपनीच दिवाळखोरीत निघाली. डिसेंबर २००७ मध्ये जिल्ह्यातली बेकारी ४.७ टक्के होती, वर्षभरात ती १५.३ झाली आणि २००९ च्या मार्चमध्ये २० च्या घरात गेली. पाचातला एक माणूस घरी बसलेला.

भाचीच्या शेजारची बाई त्या काळातून गेलेली. वय साठीच्या पुढे. तिकडे ताई-मावशी काही नाही, सरळ नावाने हाक मारायची. माझी जीभ रोज अडखळायची. ती मोटरहोमच्या कारखान्यात शिलाई खात्यात चौदा वर्षं होती. पडदे, गाद्यांची कव्हरं, सोफ्याची जाड शिलाई. पहाटे साडेपाचला काम सुरू, पैसे नगावर. दिवसाचा कोटा संपला की दुपारी घरी. पैसाही चांगला. त्यामुळे तिथली मुलं शाळा संपली की थेट कारखान्यात जायची, पुढे शिकायच्या भानगडीत पडत नसत. हिचा मुलगाही तसाच गेला. एकाच घरातले दोन पगार एकाच आठवड्यात बंद झाले.

मग काय केलं, असं विचारलं तर म्हणाली, ‘आधी तीन महिने रडले.’ नंतर तिने आयव्ही टेक नावाच्या सरकारी कॉलेजात नर्सच्या मदतनिसाचा छोटा कोर्स केला. पन्नाशीच्या तोंडावर वहीपेन घेऊन विशीतल्या मुलींमध्ये बसायचं! वृद्धाश्रमात रात्रपाळी मिळाली. पगार कारखान्यापेक्षा कमी, पाठ मोडायची. पण कारखान्यातली मशीनं लिलावात निघाली तेव्हा जाड शिलाईचं एक मशीन तिने घेऊन ठेवलं होतं. नवरा तेव्हा चिडला होता म्हणे, घराचे हप्ते थकलेत आणि ही मशीन आणते! त्या भागात तळी पुष्कळ आणि तळ्यांत नावाही पुष्कळ. नावांच्या गाद्या उन्हापावसाने फाटतात. ती हळूहळू त्या शिवू लागली. दोन वर्षं जेमतेम सुई-दोऱ्याचा खर्च निघाला. आता गॅरेजमध्ये तीन मशीनं आहेत आणि जुन्या खात्यातल्या दोघी सोबत आहेत.

सरकार गप्प नव्हतं, हेही सांगायला हवं. अध्यक्ष ओबामा २००९ मध्येच तिथे दोनदा गेले. ऑगस्टमध्ये तर वाकारुसाच्या त्याच बंद पडलेल्या मोनॅकोच्या कारखान्यात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की नेव्हिस्टार कंपनीला इलेक्ट्रिक ट्रक बनवण्यासाठी ३ कोटी ९० लाख डॉलर मिळतील. नॉर्वेची एक कंपनीही एल्कहार्टला इलेक्ट्रिक मोटारी बनवणार होती. सगळ्यांना वाटलं, आता गावाचं नशीब बदललं. ती नॉर्वेची मूळ कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि इलेक्ट्रिक ट्रकचं काम २०१३ मध्ये थांबलं. वाकारुसाच्या त्या शेडमध्ये पुढे पुन्हा मोटरहोमच बनू लागल्या.

कारण माणसांचे हात तिथेच होते. सुतार, वायरमन, शिवणाऱ्या बायका कुठे गेल्या नव्हत्या. पेट्रोल उतरलं, बँका उघडल्या, तशी मागणी आली. २००९ मध्ये अमेरिकेत अशी जेमतेम १ लाख ६५ हजार वाहनं कारखान्यांतून बाहेर पडली होती, २०१७ मध्ये ५ लाखांवर गेली. बेकारी दोन-अडीच टक्क्यांवर आली, कारखाने माणसं शोधत फिरू लागले.

आमच्या शेजारणीलाही २०१२ मध्ये बोलावणं आलं होतं. ती गेली नाही. ‘पगार तिकडे जास्त होता, पण बंद कधी करायचं हे ते मला विचारून ठरवत नाहीत,’ म्हणाली. मुलगा मात्र परत गेला. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाने कारखाने थांबले, बेकारी २९ टक्क्यांपर्यंत चढली, तो पुन्हा घरी. २०२१ मध्ये लोकांना हॉटेलांची भीती वाटू लागली तसा विक्रमी खप झाला, ६ लाख! आणि मी गेले त्या २०२३ मध्ये खप पुन्हा निम्म्यावर आला होता. मुलाला आठवड्यात चारच दिवस काम होतं. गाव सावरलं हे खरं, पण सगळी अंडी अजून त्याच टोपलीत आहेत. मला तरी त्याची धास्ती वाटली.

तिथल्या आमिश लोकांबद्दल थोडं सांगते. हे लोक घोडागाडीतून फिरतात, घरात सरकारी वीज घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत. पण मोटरहोमच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांत ते पुष्कळ! स्वतः कधी बसणार नाहीत अशा गाड्या बनवायच्या. सरकारी मदत घेणं त्यांच्या रीतीत बसत नाही, त्यामुळे २००८ मध्ये त्यांना जास्त जड गेलं. कुणी घरीच फर्निचर करू लागलं, कुणी दुभत्या गायी वाढवल्या, बायकांनी गोधड्या आणि पाय नावाचा त्यांचा गोड पदार्थ विकायला मांडला. त्यातली काही दुकानं अजून आहेत. मीही एक गोधडी हातात घेतली, किंमत पाहिली आणि परत ठेवली. टाके मात्र आपल्या आजीसारखेच.

आपल्याकडे गिरणी बंद पडली की बायकांना काय शिकवतात? मेणबत्त्या, उदबत्त्या, पापड. मीच किती शिबिरं भरवलीत! वाइंडिंग खात्यात बारा वर्षं काढलेल्या बाईला तुटला धागा डोळे मिटून सांधता येतो, पण तुला काय येतं, असं तिला कुणी विचारत नाही. परत आल्यावर आमच्या गटातल्या ३८ जणींना एकेक करून तेवढंच विचारलं आणि वहीत लिहून काढलं. रीलिंगवाल्या ११, वाइंडिंगच्या १९, बाकीच्या इतर खात्यांतल्या, आणि दोघी चक्क मशीन दुरुस्त करणाऱ्या. फिटरच्या हाताखाली राहून शिकल्या होत्या, गिरणीच्या कागदावर मात्र ‘मदतनीस’.

त्या दोघी सध्या तालुक्याच्या गावी शिलाई मशीनं दुरुस्त करतात. वाइंडिंगच्या पाच जणींना जवळच्या यंत्रमागवाल्यांकडे बॉबिन भरायचं काम मिळालंय, मजुरी कमी आहे, त्यावरून बोलणी चालू आहेत. बाकीच्यांचं अजून काही जुळलेलं नाही.