बदकांमधले नर-मादी कसे ओळखावेत?

कोंबडा आणि कोंबडी यांतला फरक तुऱ्यावरून आणि शेपटीवरून दुरूनही कळतो. बदकांच्या कळपात तशी सोय नेहमीच नसते. पेकिन जातीचे नर आणि माद्या डोक्यापासून शेपटीपर्यंत सारख्याच पांढऱ्या असतात. तरीही पाळणाऱ्याला हा भेद लवकर कळलेला बरा. खाण्याची अंडी नराविनाही मिळतात. उबवण्यासाठी फलित अंडी हवी असतील, तर साधारण पाच ते सात माद्यांमागे एक नर पुरतो. नर याहून फार जास्त झाले की ते सतत माद्यांच्या मागे लागतात. माद्यांच्या मानेवरची आणि पाठीवरची पिसे उपटली जातात, जखमाही होतात.

ओळखीच्या खुणा बदकाच्या वंशावर अवलंबून असतात. पेकिन, खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर, रुआँ या जाती मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून आल्या. हेच रानबदक हिवाळ्यात उत्तर भारतात पाहुणे म्हणून येते. मस्कोव्ही बदक मात्र मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या वेगळ्याच पक्ष्याचे वंशज आहे.

मॅलार्डच्या वंशात सर्वांत भरवशाची खूण म्हणजे आवाज. मोठ्याने, खणखणीत ‘क्वॅक क्वॅक’ करते ती मादी. नराचा आवाज घोगरा, दबका, घसा बसल्यासारखा असतो. याचे कारण शरीररचनेत आहे. श्वासनलिका जिथे दुभंगते, तिथे पक्ष्यांचे स्वरयंत्र असते. नर बदकात या जागी डाव्या बाजूला हाडाचा एक पोकळ फुगा तयार होतो आणि त्यामुळे आवाज बदलतो. मादीत हा फुगा नसतो. लहान पिल्ले सगळी सारखीच चिवचिवतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मादीचा आवाज फुटतो. कळपातून एकेक बदक उचलून बाजूला नेले, की धरल्याबरोबर ते ओरडते आणि पारख होते.

दुसरी खूण शेपटीची. वयात आलेल्या नराच्या शेपटीच्या वरच्या बाजूला काही पिसे पुढे वळून गोल कुरळी झालेली दिसतात. ही पिसे दोन ते चार महिन्यांच्या वयात येतात. पण पिसे गळण्याच्या काळात तीही गळतात किंवा कोणी ओढली तर निघून येतात. म्हणून कुरळे पीस दिसले तर तो नर, हे खरे. दिसले नाही तर मादीच, असे म्हणता येत नाही.

रंगाची खूण काही जातींपुरतीच कामाची. रुआँ जातीत रानबदकाचा मूळ रंग टिकून आहे. नराचे डोके चकचकीत हिरवे, गळ्यात पांढरे कडे, छाती तांबूस असते, तर मादी अंगभर तपकिरी आणि ठिपकेदार. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये अडेल कॅम्पबेल यांनी तयार केलेल्या आणि अंड्यांसाठी भारतातही पाळल्या जाणाऱ्या खाकी कॅम्पबेल जातीत मादी सर्वांगाने खाकी असते. नराचे डोके, मान आणि शेपटीकडचा भाग गडद, काशाच्या छटेचा असतो. इथेही एक फसवी वेळ येते. विणीचा हंगाम संपल्यावर रंगीत नर आपली भडक पिसे टाकून काही काळ मादीसारखा मळकट होतो. रानबदकांची उडण्याची पिसेही याच सुमारास एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. अशा वेळी मळकट रंग लपायला उपयोगी पडतो.

उलटा प्रकारही घडतो. बदकांत नराचा भडक पिसारा रोखून धरण्याचे काम मादीच्या अंडाशयातले इस्ट्रोजेन करते. मादीचे फक्त डावे अंडाशय काम करते. ते आजाराने किंवा म्हातारपणी निकामी झाले, तर पुढच्या वेळी पिसे येताना मादीवर नराचे रंग चढू शकतात. स्वरयंत्राची घडण मात्र अंड्यात असतानाच ठरते. त्यामुळे पिसाऱ्याने दगा दिला तरी आवाज सहसा दगा देत नाही.

मस्कोव्हीला हे नियम लागू नाहीत. त्यांच्यात ‘क्वॅक’ नाही आणि कुरळे पीसही नाही. नर फुत्कारतो, मादी बारीक, हळू आवाज काढते. इथे आकार पाहावा: पूर्ण वाढलेला नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचे लाल, खडबडीत मांस कितीतरी जास्त पसरलेले असते.

एका दिवसाच्या पिल्लांत यांपैकी कोणतीच खूण नसते. बहुतेक पक्ष्यांच्या नरांना जननेंद्रिय नसते, पण बदकांच्या नरांना असते. त्यामुळे गुदद्वार हलकेच उघडून पाहिले, तर नर पिल्लात ते बारीक अवयवाच्या रूपात दिसते. जोर जास्त पडला तर पिल्लाला कायमची इजा होते, म्हणून हे काम शिकलेल्या हातांनीच करावे. संकरात रंगाचीही मदत घेता येते. खाकी रंगाचे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते; म्हणून खाकी नर आणि रुआँसारखी गडद रंगाची मादी यांच्या पिल्लांत नर गडद आणि माद्या तपकिरी निघतात. जोडी उलटी लावली तर हा भेद मिळत नाही. पिसाच्या मुळाशी असलेल्या पेशींवरून डीएनए तपासणीही करता येते, पण तिचा खर्च मौल्यवान पैदाशीच्या पक्ष्यांसाठीच परवडतो. घरगुती कळपासाठी दोन महिने थांबून आवाज ऐकणे पुरते.