मागे सोडलेला दोर

खवळलेल्या समुद्रात लहान शिडाच्या होडीला वाऱ्याइतकाच स्वतःच्या वेगाचा धोका असतो. पाठीमागून आलेल्या लाटेच्या उतारावरून ती घसरू लागली की तिची नाळ पुढच्या खळग्यात रुतते, मागची बाजू लाटेवर उचललेली राहते आणि सुकाणूचा पाण्यावरचा ताबा सुटतो. होडी आडवी फिरते. त्याच वेळी फुटती लाट कुशीवर आदळली, तर ती उलटते. वादळातली सारी नौकाविद्या हा आडवेपणा टाळण्यासाठी आहे.

या विद्येचा जगाला दिसलेला मोठा दाखला मुंबईत घडला. ‘सुहैली’ ही 32 फुटी सागवानी होडी तिथल्या सुतारांनी वाकस आणि हातसामत्यांनी बांधली; 1964 च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. नॉर्वेतल्या बचावनौकांच्या धर्तीवरचा तिचा आराखडा संथ पण खंबीर होता: नाळेपासून मागपर्यंत गेलेली लांब, जड कील, म्हणजे तळाचा कणा, आणि मागून येणारी लाट दुभंगणारी निमुळती पिछाडी. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी ती घेऊन इंग्लंडच्या फालमथहून निघाले आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी तिथेच परतले. एकट्याने, कुठेही न थांबता केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा गोल्डन ग्लोब नावाच्या शर्यतीतली होती; तीत नऊ जण उतरले होते. ती पूर्ण करणारे ते एकटेच.

वारा वाढला की पहिले काम शिडे लहान करण्याचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरचा दाब चौपट होतो. म्हणून हे काम गरज भासण्याआधीच करावे लागते. त्यानंतरचा उपाय होडी तोलून धरण्याचा. पुढचे छोटे शीड वारा येतो त्या बाजूला उलटे ताणायचे आणि सुकाणू विरुद्ध दिशेला बांधायचे. एक होडीला वाऱ्यापासून दूर ढकलते, दुसरे वाऱ्याकडे वळवते. दोहोंच्या ओढाताणीत होडी जवळजवळ थांबते आणि नाळेचा खांदा लाटेला देऊन सावकाश वाहत राहते. खलाशाला तेवढीच विश्रांती मिळते.

वादळ त्याहून वाढले की लाटांच्या दिशेनेच पळावे लागते, आणि तिथे दोर कामाला येतो. 1968 च्या सप्टेंबरात दक्षिण महासागरात ‘सुहैली’ लाटेने आडवी पाडली. केबिनचे सांधे हलले, आत पाणी शिरले. अशा हवेत नॉक्स-जॉन्स्टन लांबलचक दोराचा फास करून तो मागे पाण्यात सोडत. उतारावर भरलेली बैलगाडी बैलांच्या अंगावर येऊ लागली की तिला मागून आवरावे लागते, हे चारठाण्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावातही कुणाला सांगावे लागत नाही. दोर तेच करतो. तो पाण्यातून ओढला जाताना होडीचा वेग कमी होतो आणि तिची पाठ लाटेकडे सरळ राहते. ना यंत्र, ना वीज. पण याच दोराने त्या होडीला वादळामागून वादळ पार करून दिले.

तरीही या विद्येला मर्यादा आहेत. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने 15 स्पर्धकांचा बळी घेतला. त्यानंतरच्या प्रयोगांतून दिसले, की होडीच्या लांबीच्या सुमारे 60 टक्के उंचीची फुटती लाट कुशीवर बसली, तर जवळपास कोणतीही होडी उलटते. 32 फुटी होडीला त्यासाठी वीसेक फुटांची लाट पुरते. दक्षिण महासागरात ती नेहमीची आहे.

‘सुहैली’च्या आराखड्यावरच गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘तुरिया’ बांधली गेली. ती घेऊन भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. त्याआधी 2012-13 मध्ये त्यांनी गोव्यातच बांधलेल्या 56 फुटी ‘म्हादेई’वरून एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली होती. 21 सप्टेंबर 2018 रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात सुमारे 70 नॉटच्या, म्हणजे ताशी 130 किलोमीटरच्या वाऱ्यात ‘तुरिया’ पूर्ण कोलांटली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना वाचवले. आराखडा तोच, अनुभवही भरपूर. लाटेने मात्र त्यांना जुमानले नाही.

म्हणून उलटण्याची तयारी आधीच करावी लागते. झडपा घट्ट बंद, आतले प्रत्येक ओझे बांधलेले, कमरेचा पट्टा सतत होडीला अडकवलेला, पंप हाताशी आणि संकटसंदेश देणारे यंत्र चालू स्थितीत. उलटलेली होडी जड कीलमुळे पुन्हा सरळ होते. आतला माणूस तोवर जिवंत आणि होडीतच असला पाहिजे. टॉमी पुन्हा उभे राहिले आणि 2023 मध्ये तीच शर्यत त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.