जमीन सोडून बाकी सगळं

१८३६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत उभी राहिली, तेव्हा राजाच्या सनदेत एक कलम होतं: मूळ रहिवासी ज्या जमिनीवर राहतात, जिचा उपभोग घेतात, तिच्यावरचा त्यांचा हक्क अबाधित राहील. लंडनमध्ये ते लिहून झालं आणि ॲडलेडमध्ये जमिनी विकल्या जाऊ लागल्या. मूळ रहिवाशांसाठी एक ‘संरक्षक’ तेवढा नेमला गेला. मॅथ्यू मूरहाऊस यांनी १८३९ पासून ते काम पाहिलं. १८५६ साली सरकारने ते पदच काढून टाकलं.

या पोकळीत १८५८ साली ‘ॲबोरिजिनीज फ्रेंड्स असोसिएशन’ ही संस्था जन्माला आली. ॲडलेडमधले वेगवेगळ्या पंथांचे पाद्री आणि प्रतिष्ठित नागरिक एकत्र आले. वर्गणी, देणग्या आणि सरकारी मदत यांवर कारभार सुरू झाला. ज्यांच्या कल्याणासाठी ही मंडळी जमली होती, त्यांच्यापैकी कोणी त्या बैठकांना निर्णय घ्यायला बसलं नव्हतं. त्या काळाच्या मानाने यात नवल नाही. खटकतं ते हे, की पुढची कित्येक दशकं त्यात फारसा बदल झाला नाही.

संस्थेने १८५९ साली जॉर्ज टॅपलिन यांना शिक्षक-मिशनरी म्हणून नेमलं. मरे नदी समुद्राला मिळण्याआधी अलेक्झांड्रिना सरोवरात पसरते, त्या भागात न्गारिंजेरी लोकांची वस्ती होती. सरोवराकाठी राउकन नावाची त्यांची जुनी जागा टॅपलिन यांनी निवडली आणि ‘पॉइंट मॅक्ले’ मिशन सुरू झालं. शेजारची चराऊ जमीन जॉन बेकर यांच्याकडे होती. हे गृहस्थ १८५७ साली जेमतेम दीड आठवडा वसाहतीचे प्रधानमंत्री राहिलेले, विधानमंडळात वजन असलेले. आपल्या कुंपणाला लागून मिशन त्यांना नको होतं. मिशन टिकलं, पण वाट्याला आलेली जमीन तुटपुंजी आणि शेतीला निकृष्ट. तिथे राहणाऱ्यांनी पोट भरण्यासाठी लोकर धुतली, मासे धरले, चटया-टोपल्या विणल्या, आसपासच्या मळ्यांवर लोकर कातरायला गेले. एवढं करूनही वसाहत स्वावलंबी का होत नाही, हा प्रश्न पुन्हापुन्हा उपस्थित झाला. उत्तर बेकरसाहेबांच्या कुंपणापलीकडे पसरलेलं होतं.

टॅपलिन हा माणूस एका शब्दात मावत नाही. त्यांनी न्गारिंजेरी भाषा शिकून घेतली. बायबलमधल्या उताऱ्यांचं त्यांनी केलेलं भाषांतर १८६४ साली ॲडलेडमध्ये छापलं गेलं. कोणत्या कुळाचं कोणाशी नातं, लग्नं कशी जुळतात, मृतांचे विधी कसे होतात, हे सगळं ते टिपून ठेवत. १८७४ चं त्यांचं ‘द नॅरिन्येरी’ हे पुस्तक त्यातूनच आलं. आणि दिवसा जे मोडायला निघायचं, तेच रात्री वहीत जपायचं, असा त्यांचा क्रम. तरुणांच्या दीक्षाविधीला त्यांचा कडवा विरोध होता. तरुण मुलं त्यांच्या पाठबळावर वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू लागली, याचं त्यांना समाधान वाटे. आजाऱ्यांची शुश्रूषा आणि मुलांचं शिक्षण यांत मात्र त्यांनी आणि पत्नी मार्था यांनी स्वतःला झिजवलं. १८७९ साली टॅपलिन तिथेच वारले. या मिशनबद्दल वाचताना मला त्यांचा राग येतो आणि राग धरवतही नाही.

१९११ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांविषयीचा कायदा झाला, १९१३ साली त्यांच्याच प्रश्नांवर शाही आयोग बसला. पॉइंट मॅक्लेचे मॅथ्यू क्रॉपिनयेरी यांनी आयोगापुढे सांगितलं, की मुलांना कामधंद्याचं शिक्षण मिळणार असेल तर आम्हाला आनंदच आहे, पण त्यासाठी मुलं आमच्यापासून कायमची तोडणं हा अन्याय आहे. इतकं स्वच्छ म्हणणं संस्थेच्या अहवालांत शोधूनही सापडणार नाही. १९१६ साली मिशन सरकारने ताब्यात घेतलं.

डेव्हिड युनायपॉन यांची कहाणी याच मिशनची. १८७२ साली पॉइंट मॅक्लेत जन्म. पुढे सी. बी. यंग यांच्या घरी ॲडलेडला नोकर म्हणून राहिले आणि तिथेच विज्ञान-संगीताची गोडी लागली. १९०९ साली लोकर कातरण्याच्या यंत्रातल्या सुधारणेसाठी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. पैसा दुसऱ्यांनी कमावला. आपल्या आणि आसपासच्या लोकांच्या कथा त्यांनी गोळा केल्या. १९३० साली त्या विल्यम रॅम्से स्मिथ यांच्या नावाने लंडनमध्ये छापल्या गेल्या. युनायपॉन यांच्या स्वतःच्या नावाने तो संग्रह यायला २००१ साल उजाडलं. अनेक वर्षं ते संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडले, व्याख्यानं देत राहिले. म्हणजे उपकारकर्त्यांचा खर्च भागवायला उपकृतच झोळी घेऊन फिरत होता. आज ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे, शेजारी राउकनचं चर्च. मेलबर्न-ॲडलेडमधल्या मराठी मंडळींच्या पाकिटातही ती नोट असतेच.

संस्थेत मतभेद झाले नाहीत असं नाही. कर्नल जे. सी. जेंडर्स कार्यकारिणीत होते, पण मूळ रहिवाशांना स्वतःचा कारभार असलेलं वेगळं राज्यच द्यावं, असं त्यांचं मत बनलं. संस्थेला ते पेलवलं नाही. ते बाहेर पडले, नवी संघटना उभी केली, आणि १९२७ साली सुमारे ७ हजार सह्यांचा अर्ज केंद्रीय संसदेपुढे गेला. युनायपॉन यांनी या कल्पनेची बाजू घेतली होती. संसदेने ती मानली नाही. मात्र शाळा, औषध, कपडे, प्रार्थना यांच्या पलीकडे जाऊन जमीन आणि सत्ता यांबद्दल या वर्तुळातून कोणी स्पष्ट बोललं असेल, तर ते असं संस्था सोडल्यावरच.

१९७४ साली पॉइंट मॅक्ले न्गारिंजेरी लोकांच्या ताब्यात परत आलं आणि १९८२ साली राउकन हे जुनं नाव अधिकृत झालं. भाषा पुन्हा बोलती करण्याचं काम तिथल्या लोकांनी हाती घेतलं, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या आठवणींबरोबर टॅपलिन यांच्या शब्दसूचीही उपयोगाला आल्या. प्रार्थनेसाठी जमवलेले ते शब्द आता मुलं शाळेत शिकतात.