छर्रा, गोळी आणि ‘कमी घातक’ काडतूस

बारा बोअरच्या बंदुकीत एकाच नळीतून तीन वेगळ्या जातीची काडतुसे उडतात. पक्ष्यांच्या शिकारीचे बारीक छर्रे, मोठ्या जनावरासाठीचे जाड छर्रे (एका काडतुसात साधारण आठ-नऊ, प्रत्येक सुमारे 8.4 मिलिमीटरचा) आणि एकच भरीव गोळी, म्हणजे स्लग.

काश्मीरमध्ये 2010 पासून जमावावर वापरले गेले ते यातले बारीक छर्रे. 9 नंबरच्या काडतुसात सुमारे 2 मिलिमीटरचे पाचशेहून अधिक छर्रे असतात. नळीबाहेर पडताच ते पसरतात, त्यामुळे पायावर नेम धरला तरी काही छर्रे चेहऱ्यावर आणि बाजूला उभ्या माणसावर जातात. जवळून झाडल्यास पसरण्याआधीच सगळे एकत्र आदळतात. तो मार प्राणघातक असतो. डोळ्याच्या पातळ आवरणाला तर एक छर्राही पुरतो. 2016 च्या उन्हाळ्यात श्रीनगरच्या रुग्णालयात अशा जखमींची रीघ लागली, तेव्हा मुंबईचे नेत्रशल्यविशारद डॉ. एस. नटराजन तिथे जाऊन शस्त्रक्रिया करत होते. छर्रा काढला तरी फाटलेला दृष्टिपटल नेहमीच सांधता येत नाही.

रबरी गोळी आणि शिशाचे छर्रे भरलेली कापडी पिशवी, म्हणजे बीन बॅग, यांना ‘कमी घातक’ म्हणतात. तरीही 2020 मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात बीन बॅगमुळे निदर्शकांच्या डोक्याला गंभीर इजा झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाची मार्गदर्शिका सांगते की धातूचे छर्रे बंदोबस्तासाठी कधीही वापरू नयेत.