विश्लेषण : फोन केबलने जोडला, पण संगणकाला दिसेना! दोष नेमका कुठे असतो आणि तो कसा शोधायचा?

चार्जिंग सुरू होते, पण फोल्डर उघडत नाही. उघडले तर रिकामे दिसते. कॉपी सुरू झाली तर अर्ध्यावर थांबते. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि बहुतेक वेळा उपाय घरीच करता येतो.

वणी : सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी असलेल्या वणीत आणि दिंडोरी तालुक्याच्या द्राक्षपट्ट्यात मोबाइल हे आता फक्त बोलण्याचे साधन राहिलेले नाही. निर्यातक्षम बागेच्या फवारणीच्या नोंदी, औषधांच्या बिलांचे फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ, बँकेचे कागद, मुलांचे दाखले असे सगळे फोनमध्येच असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाल्यावर पिकाची नोंदही शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागले. चैत्रोत्सव आणि नवरात्रातले गडावरचे फोटो, घरातल्या लग्नाचे व्हिडिओ हे वेगळेच.

अडचण अशी की यातल्या बऱ्याच गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नसते. फोन भरला की तो संगणकाला जोडायची वेळ येते आणि नेमका तेव्हाच तो ‘दिसत’ नाही. अशा वेळी घाईत फोन ‘रिसेट’ करणे किंवा इंटरनेटवरून भलतेच सॉफ्टवेअर उतरवणे महागात पडते. त्यापेक्षा दोष क्रमाने शोधावा.

चार्जिंग होते, मग फोन का दिसत नाही?

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन तारा वीज नेतात, उरलेल्या दोन माहिती. स्वस्तातल्या, पॉवर बँकेसोबत किंवा एखाद्या छोट्या उपकरणासोबत आलेल्या काही केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. अशी केबल फोन व्यवस्थित चार्ज करते, पण संगणकाच्या दृष्टीने फोन जोडलेलाच नसतो. रोज वाकवून वापरलेल्या केबलमध्येही माहितीच्या तारा आतून तुटतात आणि विजेच्या तारा शाबूत राहतात.

म्हणून पहिली तपासणी केबलची. ज्या केबलने दुसरा फोन संगणकावर दिसतो, ती लावून पाहावी. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचा पोर्ट वापरावा, कारण तो थेट मदरबोर्डवर असतो. मधला यूएसबी हब काढून टाकावा. शेतात, खिशात वावरणाऱ्या फोनच्या पोर्टमध्ये धूळ आणि कापसाचा बोळा साचतो. त्यामुळे पिन पूर्ण आत बसत नाही. फोन बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने तो काढावा. सुई किंवा पिन वापरू नये.

केबल चांगली आहे, तरीही फोल्डर उघडत नाही. का?

सुरुवातीचे अँड्रॉइड फोन संगणकाला पेनड्राइव्हसारखे जोडले जात. २०११ पासून अँड्रॉइडने ‘एमटीपी’ म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल ही पद्धत स्वीकारली. त्यात संगणक फोनच्या मेमरीला थेट हात लावत नाही. तो फोनकडे फाइल मागतो आणि फोन ती देतो. म्हणजेच फोनची परवानगी लागते. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून तर केबल जोडल्यावर फोन आपोआप ‘फक्त चार्जिंग’वर जातो. कुणीही तुमचा फोन केबलला लावून फोटो काढून घेऊ नये, हा त्यामागचा हेतू.

उपाय सोपा आहे :

- फोन जोडा आणि स्क्रीन लॉक उघडा.
- वरून सूचनांची पट्टी खाली ओढा. ‘चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी’ अशा सूचनेवर टॅप करा.
- ‘फाइल ट्रान्सफर’ किंवा ‘अँड्रॉइड ऑटो / फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडा.
- संगणकावर ‘धिस पीसी’मध्ये फोनचे नाव दिसते का ते पाहा.

फोनचे नाव दिसते पण आत काहीच नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा स्क्रीन लॉक आहे किंवा पर्याय ‘चार्जिंग’वरच राहिला आहे.

ड्रायव्हरची अडचण कशी ओळखायची?

फोन जोडल्यावर विंडोज ‘टिंग’ आवाज करते, पण फोन दिसत नाही, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ‘पोर्टेबल डिव्हायसेस’खाली किंवा पिवळ्या खुणेसह फोनची नोंद दिसते. तिच्यावर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करावे, केबल काढावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि फोन परत जोडावा. विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवते. यात फोनमधला डेटा जात नाही. एवढ्याने जमले नाही, तर विंडोज अपडेटमधील ‘ऑप्शनल अपडेट्स’ पाहावेत.

‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या, जाहिरातीतून येणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरची गरज नसते. तसेच ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करा, असा सल्ला अनेक व्हिडिओंत दिला जातो. फाइल कॉपी करण्यासाठी ते लागत नाही. ते सुरू राहिले तर परवानगी दिलेल्या संगणकाला फोनवर बरेच अधिकार मिळतात.

ॲपलच्या मॅक संगणकात एमटीपीची सोय मुळात नाही. तिथे अँड्रॉइड फोनसाठी ‘ओपनएमटीपी’सारखे वेगळे मोफत ॲप बसवावे लागते.

आयफोनचे गणित वेगळे का?

आयफोन जोडल्यावर त्याच्या स्क्रीनवर ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर?’ असा प्रश्न येतो. लॉक उघडून ‘ट्रस्ट’ दाबून पासकोड दिल्याशिवाय संगणकाला काहीच दिसत नाही. चुकून ‘डोन्ट ट्रस्ट’ दाबले असेल, तर केबल काढून पुन्हा जोडावी. तरीही प्रश्न आला नाही, तर सेटिंग्जमधील ‘रिसेट’मध्ये जाऊन ‘रिसेट लोकेशन अँड प्रायव्हसी’ करावे. त्याच यादीतला ‘इरेज ऑल कंटेंट’ हा पर्याय मात्र सगळे पुसून टाकतो, त्याला हात लावू नये.

विंडोजवर फोटो कॉपी करताना मध्येच कॉपी तुटत असेल, तर आयफोनच्या ‘फोटोज’ सेटिंगमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’खाली ‘कीप ओरिजिनल्स’ निवडावे. २०१७ पासून आयफोन फोटो ‘एचईआयसी’ या प्रकारात साठवतो. ‘ऑटोमॅटिक’ पर्यायात फोन प्रत्येक फोटो जेपीजीमध्ये बदलून पाठवत बसतो आणि त्यात संपर्क तुटतो. आयक्लाउडचे ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ सुरू असेल, तर मूळ फोटो फोनमध्ये नसतातच. ते केबलने कसे येणार? अशा वेळी आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून ते उतरवावे लागतात.

कॉपी अर्ध्यावर का थांबते?

यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात तो बराच कमी मिळतो. सेकंदाला ३० मेगाबाइट धरले, तरी ६४ जीबी डेटासाठी ३५ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. हजारो लहान फाइल असतील तर आणखी. पोर्ट टाइप-सी आहे म्हणून वेग वाढतोच असे नाही. २०२३ मध्ये टाइप-सी पोर्टसह आलेला साधा आयफोन १५ यूएसबी २.० च्याच वेगाने चालतो.

म्हणून संपूर्ण ‘डीसीआयएम’ फोल्डर एका दमात ओढू नये. महिन्यानुसार किंवा ५०० फोटोंचे गट करून कॉपी करावी. फोनचा स्क्रीन बंद होण्याचा वेळ वाढवावा. ‘कट’ नव्हे, ‘कॉपी’ करावे. वीज गेली किंवा केबल हलली तर ‘कट’मध्ये फाइल दोन्हीकडून जाण्याचा धोका असतो. संगणकावर फोटो उघडून पाहावेत, संख्या जुळवावी आणि मगच फोनमधून काढावेत.

लग्नाचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल, तर जागा असूनही नकार येण्याचे कारण ‘फॅट३२’ असते. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केला की काम होते. मात्र फॉरमॅट करण्याआधी त्यातला डेटा काढून घ्यावा.

व्हॉट्सॲपचे फोटो कुठे जातात?

‘डीसीआयएम’ कॉपी केला, पण व्हॉट्सॲपवर आलेली बिले, पीडीएफ आलीच नाहीत, ही नेहमीची तक्रार. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत त्या फाइल वेगळ्या जागी असतात. ‘अँड्रॉइड’ फोल्डर उघडावे, त्यात ‘मीडिया’, मग ‘कॉम.व्हॉट्सॲप’, ‘व्हॉट्सॲप’ आणि पुन्हा ‘मीडिया’. तिथे फोटो, व्हिडिओ आणि डॉक्युमेंट्सची स्वतंत्र फोल्डरे सापडतात.

केबलशिवाय पाठवता येते का?

येते. अँड्रॉइड आणि विंडोजसाठी गुगलचे ‘क्विक शेअर’ आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुगलने आपले ‘निअरबाय शेअर’ सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये विलीन केले. दोन्ही उपकरणे एकाच वाय-फायवर हवीत आणि ब्लूटूथ सुरू हवे. घरी वाय-फाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडून पाहावा.

गुगल खात्यावरचे सिंक अडले असेल, तर बॅटरी सेव्हर बंद करावा, बॅकग्राउंड डेटा सुरू आहे का पाहावे आणि फोनची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करावी. तारीख चुकीची असेल तर सुरक्षित जोडणी होत नाही. फोन नंबर संगणकावर दिसत नसतील, तर ते बहुधा सिमवर किंवा फक्त फोनमध्ये साठवलेले असतात. कॉन्टॅक्ट्स ॲपमधून ते गुगल खात्यात ‘इम्पोर्ट’ करावे लागतात.

जागाही तपासावी. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी मोफत मिळते. ती भरली की नवे फोटो वर जात नाहीत आणि ईमेल येणेही थांबते.

सिंक म्हणजे बॅकअप का नाही?

सर्वाधिक नुकसान इथेच होते. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखे ठेवणे. एका ठिकाणी खोडले की दुसरीकडेही खोडले जाते. ‘फोनमधली जागा मोकळी करू’ म्हणून गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयक्लाउडमध्ये ३० दिवस. त्यानंतर तो मिळत नाही. फक्त फोनमधली जागा हवी असेल, तर गुगल फोटोजमधील ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा.

बॅकअप म्हणजे स्वतंत्र प्रत. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी प्रचलित केलेला ‘३-२-१’ नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन, घरची हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढे केले तरी नियम पाळला जातो.

स्क्रीन फुटल्यावर याची किंमत कळते. लॉक उघडता येत नाही, त्यामुळे फाइल ट्रान्सफर निवडता येत नाही आणि संगणकाला फोन रिकामा दिसतो. डिस्प्ले दिसतो पण टच चालत नाही, अशा वेळी ओटीजी अडॅप्टर लावून साधा यूएसबी माउस जोडून पाहावा. अनेक अँड्रॉइड फोनवर तो चालतो आणि लॉक उघडता येते. ब्लूटूथ आधीच सुरू असेल, तर त्याच माउसने क्विक शेअरचा मार्गही उरतो. दुरुस्तीला फोन देताना मात्र ‘डेटा ठेवायचा आहे’ हे आधी सांगावे.

दुकानातल्या संगणकाला फोन जोडताना काय पाहावे?

प्रिंटसाठी किंवा फॉर्म भरण्यासाठी फोन दुसऱ्याच्या संगणकाला लावावा लागतोच. तेव्हा सगळा फोन खुला करण्याऐवजी हवी तेवढीच फाइल ईमेलने किंवा पेनड्राइव्हने द्यावी. व्हॉट्सॲप वेब वापरले असेल, तर फोनमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो संगणक लॉग-आउट करावा, नाहीतर तुमचे संदेश तिथे वाचता येतात. आधार, पासबुकाची फाइल ‘डाउनलोड्स’मधून आणि रिसायकल बिनमधूनही काढायला सांगावी. बसस्थानकासारख्या ठिकाणी सार्वजनिक यूएसबी पोर्टऐवजी स्वतःचा चार्जर वापरावा. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या ‘एफबीआय’च्या डेन्व्हर कार्यालयानेही असाच इशारा दिला होता.

थोडक्यात क्रम कोणता?

आधी केबल, मग पोर्ट, मग स्क्रीन लॉक, मग ‘फाइल ट्रान्सफर’ किंवा ‘ट्रस्ट’, मग दोन्ही उपकरणे रिस्टार्ट आणि शेवटी ड्रायव्हर. फॅक्टरी रिसेट या यादीत कुठेही नाही. फोन संगणकाला दिसत नसताना तो रिसेट केला, तर जे वाचवायचे होते तेच आधी पुसले जाते.