घरासमोरची गाडी आणि एक दिवसाआड येणारे टपाल

ऑस्ट्रेलियाच्या उपनगरांत फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी, अर्थात ‘नेचर स्ट्रिप’, घरमालक कापतो. पण ती सार्वजनिक जागा असते. फलकाने मुभा दिलेली नसल्यास तिथे गाडी उभी करणे बहुतेक राज्यांत निषिद्ध आहे. तरीही दोन-तीन गाड्यांच्या घरापुढे एखादी तरी गवतावर चढतेच.

त्याचा जाच पोस्टमनला होतो, कारण स्कूटर किंवा तीनचाकी विद्युत वाहन घेऊन तो फुटपाथवरूनच पत्रपेटी गाठतो. पूर्वी वाट अडली तर पत्र दुसऱ्या दिवशी मिळे. 15 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी ऑस्ट्रेलिया पोस्टला साधी पत्रे एक दिवसाआड वाटण्याची सवलत दिली. पार्सले मात्र रोज येतात. पत्रे 2008 पासून घटत आहेत आणि 2022-23 मध्ये संस्थेला सुमारे 20 कोटी डॉलर तोटा झाला, तेव्हा हा निर्णय अनाठायी म्हणता येत नाही. मात्र शुक्रवारी हुकलेली फेरी आता थेट मंगळवारी येते. बँकेचे कार्ड असो वा दंडाची नोटीस (कधी याच पार्किंगची!), तोवर थांबावे लागते.

शेजाऱ्याची गाडी अडथळा ठरत असेल, तर तक्रार टपाल खात्याकडे नव्हे, स्थानिक कौन्सिलकडे करावी. दंड आकारण्याचा अधिकार तिचा आहे.